ऑटोमॅटिक गाडी निघताना झटका देते – गिअरबॉक्स उघडण्याआधी काय बघावं?

घोडबंदरवासी

नमस्कार मंडळी. गाडी आठ वर्षांची, पेट्रोल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, ७४ हजार किमी झालेत. राहतो ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला. गेले दोन महिने गाडी जागेवरून निघताना झटका देते. 'पी'मधून (पार्किंग) 'आर' (रिव्हर्स) टाकला की खाट् असा आवाज आणि धक्का, मग 'डी' (पुढे जायचा) टाकला की आणखी एक, आणि सिग्नलला थांबून पुन्हा निघताना मागून कुणी ढकलल्यासारखं होतं.

एरवी मी हे इतकं मनावर घेतलं नसतं. पण आईची मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि आठवड्यातून दोनदा तिला फिजिओथेरपीला नौपाड्यात न्यावं लागतं. प्रत्येक झटका तिच्या कमरेत बसतो. ती बोलत नाही, पण आरशात तिचा चेहरा दिसतो मला.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि वॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं तेल कुठे, किती दाबाने जाईल ते ठरवणारा भाग) बदलायला सांगितली, खर्च ८५ हजार. स्कॅनर लावला का विचारलं तर म्हणाले, बिघाडाचा कोड काही नाही, पण अनुभवावरून सांगतो. पैसे जमवता येतील, पण ते घालूनही झटका राहिला तर काय, ही भीती आहे. गिअरबॉक्स उघडण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

नेरुळचा अभियंता

८५ हजारांचं काम नुसत्या एका चकरीवर ठरवू नका. कोड नाही म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाला तरी काही वावगं दिसलेलं नाही. अर्थात हा पुरावा पक्का नाही, कारण झिजलेलं रबर किंवा जुनं झालेलं तेल कोड देत नाही. म्हणून आधी झटक्याचा स्वभाव ओळखायचा. मला या प्रश्नांची उत्तरं हवीत:

'डी' टाकल्याबरोबर लगेच धक्का बसतो, की एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग बसतो? 'डी' आणि 'आर' दोन्हीत, की एकातच? इंजिन गार असताना, गरम असताना, की दोन्ही वेळा? एसी चालू-बंद केल्याने फरक पडतो का? गाडी उतारावर उभी असते का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये 'डी' टाकता तेव्हा आतल्या क्लचच्या चकत्यांमागे तेल दाबाने भरतं आणि चकत्या एकमेकींना धरतात. तेल कमी असेल, किंवा रात्रभरात कुठल्या सीलमधून निथळून गेलं असेल, तर भरायला वेळ लागतो. तेवढ्यात इंजिन मोकळं फिरतं आणि मग चकत्या एकदम धरतात. म्हणजे आधी उशीर, मग दणका. लगेच दणका बसत असेल तर गोष्ट वेगळी: एक तर तेलाचा दाब गरजेपेक्षा जास्त आहे, किंवा इंजिनाचं आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) चढलेलं आहे, किंवा नेहमीचाच छोटा धक्का आता रबरांत जिरत नाही आणि थेट बॉडीपर्यंत येतो.

तुर्भे गॅरेज

वरच्या साहेबांचं बरोबर. मी बावीस वर्षं हेच काम करतो. माझ्याकडे 'गिअरबॉक्स गेला' म्हणून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याच वेळा गिअरबॉक्स ठणठणीत असतो आणि फाउंडेशन गेलेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसलेले असतात ती फाउंडेशनं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला खालच्या बाजूला एक टॉर्क रॉड असतो, दोन्ही टोकांना रबर. इंजिनाला पुढेमागे झुलू न देणं एवढंच त्याचं काम. ते रबर फाटलं की गाडी निघताना इंजिन आधी झुलतं आणि मग आपटतं. माणसाला वाटतं गिअरने झटका दिला.

घरी बघायचं असेल तर असं करा. गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून विटा लावा, हातब्रेक ओढा, बोनेट उघडा. एक जण आत बसून पायाचा ब्रेक पूर्ण दाबून ठेवेल. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे अजिबात उभं राहायचं नाही. आतल्याने 'डी' टाकून तीन सेकंद थांबायचं, मग 'आर', पुन्हा तीन सेकंद. इंजिन थोडं हलणारच. पण उडी मारल्यासारखं उचललं गेलं किंवा खालून ठक् आवाज आला तर आधी फाउंडेशन बघा. ब्रेक दाबून पूर्ण रेस देणारी चाचणी यूट्यूबवर दाखवतात, ती करू नका. तेल काही सेकंदांत भयंकर तापतं आणि गाडी सुटली तर जीव जाईल.

कोपरीकर

माझाही असाच त्रास आहे, पण गाडी एएमटी आहे. सोसायटीच्या तळघरातून वर येताना रॅम्पवर गाडी थरथरते आणि मग झेप घेते. यालाही फाउंडेशनच कारण असेल का?

नेरुळचा अभियंता

कोपरीकर, तुमचं प्रकरण मुळातच निराळं आहे. आपण सगळ्यांनाच 'ऑटोमॅटिक' म्हणतो, पण आतली यंत्रं चार प्रकारची असतात आणि निघतानाच्या झटक्याचं कारण प्रत्येकात वेगळं.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा कोरडा क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम माणसाऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओतून तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, त्यामुळे चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की क्लच घासत राहतो, तापतो, आणि त्याची पकडायची जागा सरकते. थरथर त्याचीच. क्लच किती झिजलाय ते स्कॅनरवर बघता येतं आणि पकडायची जागा संगणकाला नव्याने शिकवता येते. आधी ते करून घ्या. आणि रॅम्पवर थांबावं लागलं तर गाडी हातब्रेकवर थांबवा.

डीसीटीत दोन क्लच असतात. ते कोरडे असले तर ट्रॅफिकमधल्या इंच-इंच सरकण्याचा त्यांनाही असाच त्रास होतो. सीव्हीटीत गिअरच नसतात, पट्टा आणि कप्पी असते, तिथे थरथर आली की तेलाकडे आधी बघायचं आणि तेल सीव्हीटीचंच हवं. घोडबंदरवासींची टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलच दुवा असतं, म्हणून ती मुळात सगळ्यांत मऊ निघायला हवी. ती झटके देते म्हणजे कारण नक्की शोधण्यासारखं आहे.

कोपरीकर

धन्यवाद. मी रॅम्पवर ॲक्सिलरेटरवरच धरून ठेवायचे, कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ऐरोली सेक्टर

एक साधी गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो. सध्या पाऊस आहे. माझी गाडी उघड्यावर असते. मागची दोन्ही चाकं ड्रम ब्रेकची. रात्री हातब्रेक ओढून ठेवला की सकाळपर्यंत ब्रेकशू ओल्या ड्रमला चिकटतो. 'डी' टाकून ब्रेक सोडला तरी गाडी हलत नाही, थोडी रेस दिली की खट् करून सुटते आणि झेपावते. मी दोन आठवडे गिअरबॉक्सची काळजी करत होतो. दिवसात फक्त पहिल्यांदाच होत असेल आणि कोरड्या दिवशी होत नसेल तर हे बघा. मी आता सपाट जागी हातब्रेक न ओढता 'पी'त टाकतो आणि चाकाला लाकडी ठोकळा लावतो.

घोडबंदरवासी

सर्वांचे मनापासून आभार. माझी गाडी तळघरात कोरडी असते, त्यामुळे ब्रेक चिकटण्याचं कारण नसावं. पण तळघराची फरशी पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरती आहे आणि गाडी त्या उतारावरच लागते.

अभियंतासाहेबांचे प्रश्न आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, गाडी तू चालवतोस, झटका मी मोजते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती दुधाचा हिशेब लिहिते, त्याच चौकोनांत आता लिहिणार आहे. मी ओबीडीचं (गाडीच्या संगणकाला जोडायचं) छोटं यंत्र मागवलंय, मोबाईलवर आयडलिंग आणि तापमान बघायला. तीन आठवडे नोंद ठेवतो आणि मग लिहितो.

नेरुळचा अभियंता

उत्तम. त्या यंत्राबद्दल एक सूचना: स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त इंजिनाच्या संगणकाशी बोलतात, गिअरबॉक्सच्या नाही. त्यावर पी०७०० आला तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकात काहीतरी नोंदलं गेलंय, नेमकं काय ते मोठ्या स्कॅनरवर बघा. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपची, म्हणजे त्याला इंजिनाशी थेट जोडणाऱ्या क्लचची तक्रार. पी०५०७ म्हणजे आयडलिंग जास्त. हा इंजिनाचा कोड आहे, पण झटका मात्र गिअरमध्ये जाणवतो.

बॅटरीही बघा. इंजिन बंद करून काही तासांनी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत बॅटरी बदलली किंवा काढली होती का? काही गाड्यांत त्याने गिअरबॉक्सने शिकलेल्या सवयी पुसल्या जातात आणि पुन्हा शिकेपर्यंत गिअर खडबडीत पडतात.

घोडबंदरवासी

धागा वर काढतोय. बॅटरी दीड वर्षाची आहे आणि काढलेली नाही, व्होल्टेज ठीक. कोड एकही नाही. 'डी' टाकल्यावर उशीर अजिबात नाही, धक्का लगेच बसतो, 'डी' आणि 'आर' दोन्हीत.

आता आईची नोंद. तीन आठवड्यांत अकरा फेऱ्या. मला एकच झटका आहे असं वाटत होतं, तिने तीन वेगळे दाखवले.

पहिला, तळघरातला. 'पी'तून 'आर' टाकताना खाट्. रोज, न चुकता. त्या वेळी आयडलिंग मिनिटाला १३०० ते १३५० फेरे असतं. इंजिन चालू करून पाऊण मिनिट थांबलो की ते ८०० ला येतं आणि धक्का मऊ होतो, पण खाट् आवाज तसाच राहतो.

दुसरा, सिग्नलचा. कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका, थांबून निघालो की बसतो. गाडी गार असो की गरम. आईने चौकोनात लिहिलंय: 'गार हवा बंद, कमी.' आणखी एका दिवशी: 'ब्रेक हळू सोडला, नाही.' हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिसरा फक्त चार वेळा, चारही वेळा लांब ट्रॅफिकनंतर. त्यातला एक गायमुखच्या चढावर तासभर अडकलो होतो तेव्हाचा. पूर्ण थांबण्याच्या जरा आधी एक हिसका येतो आणि निघताना दोन-तीन सेकंद थरथर. रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी, पण रस्ता गुळगुळीत असतो. आईने त्याला 'कापरं' असं नाव दिलंय.

तुर्भे गॅरेज

आईंना माझा नमस्कार सांगा. एवढी नीट माहिती घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही.

पहिला झटका: उतारावर गाडी लावता, 'पी' टाकता, मग ब्रेक सोडता आणि शेवटी हातब्रेक ओढता, असंच ना? मग गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतं. 'पी' म्हणजे एक दात असतो, तो गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकाच्या खाचेत अडकतो. सकाळी तो वजनाखाली दबलेला असताना ओढून काढला की खाट् होणारच. क्रम बदला. ब्रेक दाबून थांबा, 'एन' (न्यूट्रल) टाका, हातब्रेक ओढा, पायाचा ब्रेक सोडून गाडी हातब्रेकवर टेकू द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी'. निघताना आधी गिअर, मग हातब्रेक खाली.

दुसरा: टॉर्क रॉड. मी पैज लावत नाही, पण एसी चालू असताना इंजिनावर भार असतो आणि इंजिन रबरावर जास्त झुलतं, म्हणून आईंना फरक कळतो. ब्रेक हळू सोडल्यावर इंजिन सावकाश टेकतं, म्हणून बसत नाही. तिसरा तेलाचा. तेल शेवटचं कधी बदललं?

घोडबंदरवासी

कधीच नाही. घेताना सांगितलं होतं की गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या आयुष्यभराचं असतं.

पाम बीच रोड

मग आता बदलूच नका! ७० हजारांनंतर जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स घसरायला लागतो, माझ्या मित्राच्या गाडीचं असंच झालं. जुन्या तेलातली धूळच चकत्यांना पकड देत असते.

तुर्भे गॅरेज

दादा, हे मी पण ऐकलंय आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण ज्या गाड्या तेल बदलल्यावर घसरल्या त्या आधीच घसरत होत्या, मालक शेवटचा उपाय म्हणून तेल बदलायला आला होता. चकत्या जळालेल्या असतील तर तेल काळं आणि जळका वास येतो, आणि तवंगात धातूची चमक दिसते. तसं असेल तर मी स्वतः सांगतो, तेलाने काही होणार नाही. पण तेल नुसतं तपकिरी झालं असेल आणि गाडी घसरत नसेल तर बदलायलाच हवं. मशीन लावून दाबाने फ्लश मात्र करू नका. खालचा प्लग काढून जेवढं निघेल तेवढं काढायचं, तेवढंच मोजून भरायचं. अर्ध्याहून कमीच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. पाचशे-हजार किमी चालवा आणि पुन्हा तसंच करा.

नेरुळचा अभियंता

अनुमोदन. 'आयुष्यभराचं तेल' हे ज्या परिस्थितीत ठरवतात ती घोडबंदर रोडची नसते. ट्रॅफिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर सतत तेल घुसळतो आणि ती सगळी उष्णता तेलातच जाते. तापून तापून तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपतात, मग क्लच धरताना सरकत-धरत, सरकत-धरत जातो. आईंचं 'कापरं' ते हेच. गार असताना न होणं आणि तासाभराने होणं जुळतंय.

दोन गोष्टी. तेल गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचंच हवं, 'सगळ्यांना चालतं' असं लिहिलेलं नको. आणि तुमच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसेल तर पातळी बघायची पद्धत वेगळी असते. इंजिन चालू ठेवून, तेलाला गाडीच्या कंपनीने दिलेल्या तापमानाला आणून, तपासणीचा प्लग उघडतात आणि थेंब-थेंब गळेल तिथे पातळी बरोबर. तापमान न बघता भरलं तर पातळी चुकते आणि नवंच दुखणं सुरू होतं. काढलेलं तेल स्वतः बघा. गुलाबी ताकासारखं दिसलं तर रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतंय, मग गाडी तिथेच थांबवा.

घोडबंदरवासी

काम झालं, सविस्तर लिहितो.

पार्किंगचा क्रम त्याच रात्री बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट् आवाज नव्हता. एक रुपया खर्च नाही. दोन महिने मी तो आवाज ऐकून घाबरत होतो.

मग रविवारी शेजाऱ्यांना आत बसवून बोनेटची चाचणी केली. 'आर' टाकल्यावर इंजिन चांगलं दोन बोटं उचललं गेलं. सोमवारी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली. टॉर्क रॉडचं मोठं रबर अर्ध्यापर्यंत फाटलेलं होतं, आत बोट जात होतं. रॉड २१०० रुपये, मजुरी ६००. वरची दोन्ही फाउंडेशनं तपासली, ठीक आहेत. थ्रॉटल बॉडीही (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करून घेतली, काजळी बरीच होती. सिग्नलचा झटका बराचसा गेला, म्हणजे मला जाणवेनासा झाला. आई म्हणते, थोडा आहे.

तेल काल बदललं, पहिली फेरी. निघालेलं तेल गडद तपकिरी, पण जळका वास नाही, चमक नाही, ताकासारखं तर नाहीच. सगळं मोजून ३.४ लिटर निघालं, तेवढंच भरलं. पातळी त्यांनी स्कॅनरवर तापमान बघून तपासली. मी शेजारीच उभा होतो. सर्व्हिस सेंटरला वॉल्व्ह बॉडी नको असं कळवलं.

कोपरीकर

वाचून बरं वाटलं. माझंही सांगते. क्लचची पकड संगणकाला नव्याने शिकवून घेतली, थरथर निम्म्यावर आली. क्लच बराच झिजलाय म्हणाले, वर्षभरात बदलावा लागेल. रॅम्पवर आता हातब्रेकच वापरते.

खारघरचा नवखा

माझी मागची चाकं ओढणारी एसयूव्ही आहे, तीही 'डी' टाकताना ठक् करते. मलाही टॉर्क रॉड बघावा लागेल का?

तुर्भे गॅरेज

तुमच्या गाडीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, असा टॉर्क रॉड नसतो. तुम्ही प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) बघा. गाडी बंद करून, चाकांना विटा लावून, 'एन'मध्ये शाफ्ट हाताने गोल फिरवून बघायचा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात) खेळ असेल तर हाताला कळतं. पुढे-मागे सरकणारा जोड असतो त्यातलं ग्रीस सुकलं तरी अगदी असाच ठक् येतो, ग्रीस भरलं की जातो. गिअरबॉक्सचं फाउंडेशन त्यानंतर.

घोडबंदरवासी

शेवटची नोंद. सहाशे किमी झाल्यावर तेलाची दुसरी फेरी केली. या वेळचं तेल लालसर निघालं. त्यानंतर चार फेऱ्या नौपाड्याच्या झाल्या, त्यातल्या एकीत माजिवड्याला पन्नास मिनिटं अडकलो. कापरं आलं नाही. थांबताना येणारा हिसका एकदा आला, अगदी हलका.

तो एकदाचा हिसका आईने लिहून ठेवलाय. तेलाचं तापमान त्या वेळी किती होतं ते मला बघता आलं नाही, माझं छोटं यंत्र ते दाखवत नाही. पुढच्या महिन्यात तुर्भ्याला गाडी घेऊन येतो, मोठा स्कॅनर लावून ट्रॅफिकमध्ये एक चक्कर मारू. आई पण येणार म्हणते, मागच्या सीटवर.

तुर्भे गॅरेज

या. सकाळी दहाच्या आत या, महापे रोडला तेव्हा ट्रॅफिक असतो, तेल लवकर तापेल. येताना कालनिर्णयचं पान पण घेऊन या.